पाचव्या दिवसाचा कानोसा

इमारती तपासणारा कानोसा ‘रंगारी’ म्हणाला असता तर शैलजाबाई म्हेत्रे यांच्या पदरात काय पडणार होतं, याची बेरीज त्यांनी केव्हाच करून ठेवली होती. गडहिंग्लजला दोन खोल्यांचं बैठं घर, त्याच्या मागच्या दारी पितळी तोटीचा नळ, आणि त्या नळाला रोज पाणी. घर त्यांनी बघितलं होतं, पण बघितल्यासारखं करून. भिंतींचा रंग कुठला, हे परतीच्या गाडीत त्यांना आठवेना. नळ मात्र त्यांनी चारदा उघडून पाहिला आणि चारदा पाणी आलं. पाण्याचा दिवस नव्हता, जिन्यात कुणी ‘आलं, आलं’ म्हणून ओरडलं नव्हतं, आणि तरी आलं. मालकाला त्यांनी तिथंच शब्द दिला.

सोलापुरातल्या त्यांच्या भागात नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं. माणसं वार विसरत, पाण्याचा दिवस विसरत नसत. लग्नाची तारीख काढताना पंचांग नंतर उघडायचं, आधी बोटांवर पाणी मोजायचं. आणि घरात पाणी किती साठवलंय, हे कुणी कुणाला सांगत नसे. सोनं किती, विचारा, चहा देऊन सांगतील. पाणी किती विचारलं की चेहरे एकदम गरीब व्हायचे. ‘कुठलं ओ, गच्चीवर एक टाकी आहे तेवढीच.’

शैलजाबाईही हेच सांगत. त्यांच्या न्हाणीघराच्या माळ्यावर नवऱ्यानं हयातीत बांधून घेतलेला विटांचा हौद होता, पण त्याला त्या पाणी म्हणत नसत. ती शिल्लक होती. हौद नेहमी काठोकाठ भरलेला ठेवायचा आणि हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम. मग ते पाणी कसं?

वय छप्पन, धंदा विमा विकण्याचा. त्यामुळे माणूस कशाला भितो आणि काय लपवतो, हे त्यांना दारातूनच कळायचं. याच गुणावर त्या ‘सिद्धकृपा’ इमारतीच्या सेक्रेटरी झाल्या होत्या. खाली खांबांवर पार्किंग, वर तीन मजले, आठ घरं. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात, आणि ते विकत घेणार होते बरोबर खालच्या मजल्यावरचे अंबादास येमूल. येमूलांचा टॉवेलांचा कारखाना होता. मुलगा व्यंकटेश, त्याचं लग्न मे महिन्यात. मुलगा-सून वर, चूल खाली एकत्र, असा बेत. वीस वर्षांचा शेजार, व्यवहार घरातल्या घरात. अडला होता तो फक्त कानोशापाशी.

कानोसा येण्याआधी भिंतीला तडा गेला की घरोघरी एकच नाटक व्हायचं. रंगारी म्हणायचा फटीत लांबी भरून रंग मारू. गवंडी म्हणायचा प्लास्टर फोडू. पुण्याचा जावई फोनवरून म्हणायचा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मग घरचे सगळे विचारविनिमय करून ज्याचं काम सगळ्यात छोटं त्याचं खरं धरायचे. कानोशानं हा तमाशा बंद केला. भाकरीएवढी पांढरी चकती, पार्किंगच्या तुळईला चिकटवायची आणि तासभर थांबायचं. मग ती तीनपैकी एक शब्द सांगायची. रंगारी, गवंडी किंवा इंजिनिअर. ‘इंजिनिअर’ आलं, की तो येऊन तपासून सही करेपर्यंत त्या इमारतीतलं एकही घर विकता येत नसे, असा नवा नियम होता.

चकती लावायला आलेल्या तंत्रज्ञानं शैलजाबाईंना तिचं मर्म समजावलं होतं. कुठलीही इमारत निश्चल नसते. वारा, रस्त्यावरचे ट्रक, वरचे पंखे, या सगळ्यांनी ती डोळ्याला न दिसेल इतकी सतत डुलत असते, आणि प्रत्येक इमारतीची डुलण्याची एक ठरलेली गती असते, जणू तिचा सूर. टेबलाच्या कडेला फूटपट्टी दाबून धरा आणि पुढचं टोक छेडा. चांगली पट्टी झरझर थरथरते, तडकलेली सावकाश. इमारतीचा खांब खचला, लोखंड गंजलं, की तिचाही सूर असाच उतरतो. नकाशावरून तो किती असायला हवा ते कानोशाला माहीत असतं. ऐकायचं आणि ताडून बघायचं, एवढंच त्याचं काम.

सिद्धकृपाचा तास भरला. कानोसा म्हणाला, ‘इंजिनिअर.’

पार्किंगमध्ये सभा भरली. सात नंबरच्या होटगीकरांनी शोध लावला की चकती करणारी कंपनी आणि इंजिनिअर लोक आतून एक आहेत. दुसऱ्या कुणी कोपऱ्यातल्या खांबावरची उभी, केसासारखी चीर दाखवली, तर ती रंगाचीच आहे असं चौघांनी एकदम सांगितलं. अंबादास फक्त खिशातल्या लग्नपत्रिकेच्या नमुन्याची घडी घालत आणि उलगडत राहिले.

शैलजाबाई त्या रात्री उपाशीच निजल्या. सकाळी कणीक मळताना त्यांना पट्टी आठवली, आणि मळता हात थांबला. पट्टीच्या टोकाला हा गोळा चिकटवला तर? पट्टी सावकाशच थरथरेल की. तडकलेली नसली तरी. म्हणजे सूर दोन कारणांनी उतरतो, घर कमजोर झालं म्हणून किंवा जड झालं म्हणून. आणि काल कुठला दिवस होता? पाण्याचा. गच्चीवरच्या टाक्या, मोऱ्यांतली पिंपं, सगळं काठोकाठ. कानोशानं त्यांच्या इमारतीला जेवून उठल्या उठल्या तपासलं होतं.

विम्याच्या डॉक्टरकडे गिऱ्हाईक उपाशीपोटी न्यायचं असतं, हे शैलजाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. नियमात एका फेरतपासणीची सोय होती. त्यांनी चौथ्या दिवसाची संध्याकाळ मागून घेतली. सकाळीच आठही घरी जाऊन चादरी धुवा, फरशा पुसा, काय असेल नसेल ते आज संपवा, असं बजावलं. संध्याकाळी गच्चीवरच्या टाक्या वाजवल्या तर ढणढणत होत्या.

कानोसा म्हणाला, ‘गवंडी.’

जिन्यात टाळ्या वाजल्या. नरसम्मावहिनींनी, म्हणजे अंबादासांच्या बायकोनं, चौथा दिवस असूनही पुरा तांब्याभर पाण्याचा चहा टाकला. होटगीकरांना कंपनी एकदम प्रामाणिक वाटू लागली. गवंडी आला, कोपऱ्यातल्या खांबावर गिलावा चढवून गेला, आणि चीर दिसेनाशी झाली. खरेदीखताची तारीख ठरली.

चकती महिनाभर तशीच राहणार होती, आणि इमारतीचा सूर दाखवणारी तिची रेघ शैलजाबाईंच्या फोनवर येत होती. दुसरी कुणी असती तर तिनं ढुंकून बघितलं नसतं. शैलजाबाईंना मात्र तिचं वेडच लागलं. पाण्याच्या दिवशी, मोटारी सुरू झाल्या की रेघ खाली खाली यायची. मग आंघोळी, भांडी, धुणी होत जातील तशी रोज थोडी चढायची आणि चौथ्या संध्याकाळी टोकाला पोचायची. पुन्हा पाणी, पुन्हा खाली. सबंध इमारतीचा श्वासच तो. आठ घरं काय खातात, कधी धुतात, कोण उधळं, कोण चिकट, सगळं त्या एका रेघेत वाहत होतं. वीस वर्षं ज्या जिन्यानं त्या चढल्या-उतरल्या, तो असा जिवंत असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून फोन बघत बसायच्या आणि एकट्याच हसायच्या.

तिसऱ्या पाण्यानंतर त्यांचं हसू थांबलं.

टाक्या रिकाम्या झाल्या की रेघ दर वेळी त्याच उंचीवर परत यायला हवी. ती येत नव्हती. प्रत्येक चौथ्या संध्याकाळी ती आधीच्या खेपेपेक्षा जराशी खाली थांबत होती. उन्हाचा फरक कानोसा स्वतःच वजा करायचा, म्हणजे ऊनही नाही. कुणी पाणी दडवून साठवत चाललं असेल, किंवा इमारतीत काहीतरी सुटत चाललं असेल. दोन्हींत रेघ अशीच दिसणार. आणि हे बघणारं माणूस जगात एकच होतं. खरेदीखत दोन दिवसांवर होतं.

त्याच दुपारी अंबादास वर आले. त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली घेतला. “अक्का, चला जरा खाली. तुम्हाला म्हणून दाखवतो. व्यंकटेशला पण माहीत नाही.”

येमूलांची कोपऱ्यातली खोली कायम बंद असायची. टॉवेलचे गठ्ठे आहेत असं ते सांगायचे. गठ्ठे होतेच, पण पुढच्या रांगेपुरते. त्यांच्या मागे भिंतीला लागून निळी पिंपं उभी होती, एकावर एक फळ्या टाकून छतापर्यंत. लग्नाचं पाणी. दर पाण्याला दोन-तीन भरत आणली होती. मंडपात पाहुण्यांना पाणी कमी पडलं असं येमूलांच्या घरात व्हायचं नाही, ते म्हणाले. पुढच्या पाण्याला आणखी दहा येतील, ती वरच्या घरात, याच कोपऱ्यात ठेवू. घर आता आपलंच. सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की दुसऱ्यानं सोन्याची वीट दाखवतानाही उजळला नसता. वीस वर्षांत शैलजाबाईंना कुणी आपलं पाणी दाखवलं नव्हतं.

त्या हलक्या होऊन वर आल्या. पाणीच निघालं म्हणायचं! त्यांनी शेंगाचटणीशी दोन कडक भाकरी मोडून खाल्ल्या, गडहिंग्लजच्या नळाखाली कुठली घागर ठेवायची ते ठरवलं, आणि आडव्या झाल्या. पण झोप लागेना. गिऱ्हाईक म्हणतं, मला दम लागतो तो जिन्यामुळं. चांगला एजंट विचारतो, जिना नसताना लागतो का? आयुष्यभर त्या हा प्रश्न परक्यांना विचारत आल्या होत्या. इथं विचारायचा म्हणजे पिंपं हलवा म्हणायचं. पिंपं हलवा म्हटलं की अंबादासांचं गुपित चव्हाट्यावर, खरेदीखत टांगणीला, नळ गेला. नाही विचारला तर सगळं जिथल्या तिथं. फक्त त्या कोपऱ्यात, पिंपांच्या वर आणखी पिंपं, आणि त्यांच्या शेजारी नव्या जोडप्याचा पलंग.

संध्याकाळी त्या खाली गेल्या. नरसम्मावहिनी पापड लाटत होत्या.

“अंबादासभाऊ, ती पिंपं खाली न्यायला पाहिजेत. इमारतीच्या बाहेर.”

अंबादास म्हणाले, “परवा तुमचं घर माझं होणार अक्का. आणि आज तुम्ही मला घर पडतंय म्हणून सांगता?”

“पडतंय म्हणत नाही. बघू म्हणते. सगळ्यांचंच पाणी काढू. रेघ पहिल्या जागी आली तर मीच परवा पेढे वाटते.”

“आणि नाही आली तर?”

याचं उत्तर दिलं नरसम्मावहिनींनी, लाटणं न थांबवता. “पोरगी दुसऱ्याची आणतोय की ओ आपण. उचला.”

दुसरा दिवस सिद्धकृपात कुणी विसरणार नाही. शैलजाबाईंनी आठही दारं वाजवली आणि प्रत्येक दारात तेच वाक्य म्हटलं, जे त्या तीस वर्षं गिऱ्हाइकांना म्हणत आल्या होत्या, ‘काय सांगावं, उद्या काय होईल.’ आधी कुणाकडंच काही निघेना. मग अंबादासांचं पहिलं निळं पिंप चौघांच्या खांद्यावरून जिन्यात उतरलं, आणि ते बघून बाकीच्यांचा धीर सुटला. होटगीकरांच्या दिवाणाखालून अकरा कॅन निघाले. त्यांच्या बायकोनं ते पहिल्यांदाच बघितले, आणि तिच्या वाळवणाच्या डब्यांत दडवलेलं पाणी त्यांनी. चार नंबरची बिघडलेली म्हणून ठेवलेली दोन वॉशिंग मशिनं तुडुंब होती. कुणाच्या देवघरामागून तांब्याचा हंडा आला, कुणाच्या बाळाचा टब. गच्चीवरच्या टाक्याही उपसल्या. सगळी मिरवणूक फाटकाबाहेरच्या मोकळ्या जागेत लिंबाखाली जाऊन बसली, आणि प्रत्येक घरानं आपापल्या पाण्याशेजारी एकेक माणूस राखणीला बसवलं. लोक एकमेकांच्या पिंपांकडे बघून हसत होते, शिव्या देत होते, पुन्हा हसत होते. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं चोर आपणच.

आपल्या हौदाचा शैलजाबाईंनी विचार केला नाही असं नाही. पण हौद काही काल-परवाचा नव्हता. सूर उतरायला लागला त्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथं होता, तेव्हा तो धरायचं कारण नव्हतं. हिशेब चोख होता.

मग सगळे त्यांच्या फोनभोवती जमले. रेघ चढू लागली. मुलं ओरडायला लागली, मोठ्यांनी त्यांना गप्प केलं आणि स्वतः ओरडायला लागले. चढली, चढली, पहिल्या संध्याकाळच्या खुणेजवळ आली, आणि थांबली. ती थांबूनच राहिली. खूण वर, रेघ खाली, मध्ये बोटभर अंतर.

होटगीकर म्हणाले, एवढं चालायचं. बोटभराला कोण बघतं.

“पाणी सगळं बाहेर आहे,” शैलजाबाई म्हणाल्या. “हे बोटभर पाण्याचं नाही.” आणि त्यांनी सगळ्यांदेखत इंजिनिअरला फोन लावला. अंबादास लिंबाखाली आपल्या पिंपांपाशी जाऊन बसले.

स्ट्रक्चरल इंजिनिअर तहेसीन बागवान दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, म्हणजे खरेदीखताच्याच दिवशी. चाळिशीच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी रेघ बघितली, पहिल्या दोन तपासण्यांच्या तारखा बघितल्या, आणि विचारलं, दुसरी तारीख कुणी ठरवली? शैलजाबाईंनी हात वर केला. “हुशार आहात,” बागवान म्हणाल्या. त्यात कौतुक किती आणि काय, ते कळलं नाही.

त्यांनी गच्चीपासून पार्किंगपर्यंत सगळं पालथं घातलं. लहान हातोडी घेऊन एकेक खांब वाजवला. ठणठणीत, ठणठणीत, आणि कोपऱ्यात आल्यावर बद्द. गवंड्याचा ताजा गिलावा त्यांनी दोन ठोक्यांत उतरवला. आत काँक्रीट पापुद्र्यांसारखं सुटलं होतं आणि सळ्या तपकिरी, फुगलेल्या होत्या. गंजलं की लोखंड फुगतं, त्यांनी सांगितलं, आणि आतून काँक्रीटला फोडतं. म्हणून चीर सळीच्या रेषेत उभी. खांब आधीच पोखरला होता. शेजारच्या खोलीत पिंपांचं वजन पडलं तसा तो भराभर सुटायला लागला. पुढची दहा पिंपं त्याच कोपऱ्यात यायची होती. अंबादासांनी खांबाकडे बघितलं, मग वर आपल्या खोलीकडे.

बागवानांनी खांबाला तळहात लावला आणि तो सगळ्यांना दाखवला. ओला होता.

“तुमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं ना? मग हा खांब बारा महिने ओला कसा?”

सगळ्यांच्या माना वर गेल्या. खांबाच्या वर येमूलांची कोपऱ्यातली खोली. तिच्या वर शैलजाबाईंचं न्हाणीघर.

अंबादास हळूच म्हणाले, “अक्का, तुमच्या माळ्यावर काय आहे?”

शैलजाबाईंनी वीस वर्षं सगळ्यांचं पाणी ओळखलं होतं. त्यांनी पदर खोचला. “शिल्लक आहे,” त्या म्हणाल्या, आणि पुढं होऊन सगळ्यांना जिन्यानं वर घेऊन गेल्या.

हौद दुपारी फोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रिकामा झाल्यावर विटांमागचा हिरवा ओघळ दिसला. भिंतीतून सरळ खांबात उतरलेला, थेंबाथेंबानं, रोज, न चुकता. बागवानांनी तिथंच कागद काढला. इमारत वाचते. आज लोखंडी टेकू लावायचे, मग खांबाभोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचं जाकीट. तीन महिने कोपऱ्यातल्या खोल्यांत कुणी राहायचं नाही. तोवर सही नाही. सगळे तिथं ओल्या पायांनी उभे होते, घाबरलेले आणि तरीही विलक्षण खुशीत, जसं अपघातातून उठून आपले हातपाय चाचपल्यावर माणूस होतं. आणि कुणीतरी फोन वर धरला. हौदाचं ओझं गेल्याबरोबर रेघ उसळी मारून पहिल्या खुणेच्याही वर गेली होती. टेकू लागल्यावर ती आणखी चढली.

आता कुणी काय दिलं ते बघू.

होटगीकरांनी संशय दिला. तो त्यांच्याकडं मुबलक होता, दिल्याचं जाणवलं नाही. अंबादासांनी लग्नाचं पाणी दिलं. लिंबाखालच्या पिंपांतलं पाणी त्या उन्हात सगळ्या गल्लीनं भरून नेलं, आणि मंडपात टँकर उभा राहिला. नवी सून उतरली ती शैलजाबाईंच्याच पुढच्या खोलीत, कारण येमूलांच्या घरी जागा उरली नव्हती. अंबादास शैलजाबाईंशी महिनाभर बोलले नाहीत. मग एका पाण्याच्या दिवशी जिन्यातून ‘आलं, अक्का’ म्हणून ओरडले, आणि ते मिटलं. फायदा झाला तो कंपनीचा. कानोसा आता चकती चिकटवण्याआधी विचारतो, पाण्याचा दिवस कुठला? आणि दोनदा ऐकतो, भरल्या पोटी आणि उपाशी.

महिना संपला तरी शैलजाबाईंनी चकती काढू दिली नाही. तिची रेघ चौथ्या संध्याकाळी हल्ली नेमकी त्याच जागी येते. हौदाच्या जागी त्यांनी काही बांधलं नाही, आणि पाणी किती आहे विचारलं तर त्या खरं सांगतात, त्यामुळं कुणी विश्वास ठेवत नाही.

गडहिंग्लजचे मालक तीन महिने थांबले नाहीत. तिथला नळ रोज येतो. पाणी दुसरंच कुणी भरतं.